कोडॅक झोपलं नव्हतं

कोडॅकची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कंपनीच्या टाऊन हॉलमध्ये, कॉलेजात आलेल्या पाहुण्याच्या भाषणात, लिंक्डइनवर आणि फॅमिली ग्रुपवर मामांनी पाठवलेल्या फॉरवर्डमध्ये ती किमान चारदा ऐकून झाली असेल. एक होतं कोडॅक. फोटोच्या जगावर त्याचं राज्य होतं. मग डिजिटल कॅमेरा आला, कोडॅकने बदल नाकारला, आणि कोडॅक संपलं. पुढची स्लाईड नोकियाची. त्यापुढची तुमची: शिका, बदला, नाहीतर संपाल. खाली डायनासोरचं चित्र.

मला या गोष्टीचा राग येतो. कारण ती अर्धीच सांगतात, आणि जो अर्धा भाग गाळतात तो नेमका सांगणाऱ्याच्या अंगावर येणारा असतो.

कोडॅकमध्ये नवी गोष्ट कोणाला सुचली नाही, असं झालेलं नाही. ती सुचली, बनली, साहेबांना दाखवून झाली, तिचं पेटंट निघालं, ती आपला धंदा कधी खाईल याचा अंदाजसुद्धा मांडून झाला. हे सगळं करणारे लोक पगारी इंजिनियर आणि संशोधक होते. नकार वरून आला, आणि तो डोळे उघडे ठेवून, हिशोब करून दिलेला होता. हिशोब चुकला तेव्हा बिल मात्र खालच्यांनी भरलं. आणि आता हीच गोष्ट वरची मंडळी खालच्यांना प्रवचन म्हणून ऐकवतात. माझं भांडण या उलट्या दिशेशी आहे.

*

१९७५ साल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात कोडॅकचं मुख्यालय. स्टीव्ह सॅसन हा पंचविशीतला इलेक्ट्रिकल इंजिनियर तिथे लागून दोनेक वर्षं झाली होती. त्याच्या साहेबाने त्याला एक छोटं काम दिलं: सीसीडी नावाची नवी चिप आली आहे, ती प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करते, आपल्याला तिचा काही उपयोग होतो का बघ. सॅसनने सुपर-८ मूव्ही कॅमेऱ्याची लेन्स, कॅसेट रेकॉर्डर, सोळा बॅटऱ्या आणि इकडचे तिकडचे सुटे भाग जमवून एक डबा उभा केला. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो काळा-पांढरा, १०० बाय १०० पिक्सेलचा. आज व्हॉट्सअ‍ॅपचा डीपीसुद्धा त्याहून कितीतरी बरा असतो. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. मग ती कॅसेट दुसऱ्या यंत्रात घालायची आणि फोटो टीव्हीवर बघायचा.

हातात धरून नेता येईल असा हा पहिला डिजिटल कॅमेरा. सॅसनने तो कंपनीतल्या निरनिराळ्या साहेबांना दाखवला. मीटिंगला बसलेल्यांचाच फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे टीव्हीवर दाखवायचा. प्रश्न आले: स्वतःचे फोटो टीव्हीवर कोण बघत बसणार? अल्बमचं काय होणार? आणि हे सर्वसामान्य माणसाच्या हातात जायला किती वर्षं लागतील? चिप्स ज्या वेगाने सुधारत होत्या तो धरून सॅसनने हिशोब केला आणि सांगितलं, पंधरा ते वीस.

१९७६ मध्ये पंधरा-वीस मिळवून बघा. १९९४ मध्ये घरगुती गिऱ्हाइकासाठीचा अ‍ॅपलचा क्विकटेक १०० बाजारात आला. तो अ‍ॅपलसाठी बनवून दिला होता कोडॅकनेच. इंजिनियरने दिलेला अंदाज इतका अचूक निघालेला मी आमच्या कुठल्याही स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये अजून पाहिलेला नाही.

मधल्या काळात कंपनीच्या हातात आणखी एक गोष्ट आली. १९८१ मध्ये सोनीने माविका हा फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा दाखवला, आणि कोडॅकमध्ये धावपळ झाली. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या विभागाचे प्रमुख व्हिन्स बराबा यांनी सविस्तर पाहणी केली. निष्कर्ष असा की हे तंत्रज्ञान फिल्मची जागा घेऊ शकतं, पण त्याला वेळ आहे. तयारीला आपल्याकडे साधारण दहा वर्षं आहेत. धोका काय आहे आणि तो कधी येणार आहे, दोन्ही सांगून झालं होतं.

*

आता साहेबांच्या बाजूने बघू. ते मूर्ख नव्हते.

घरात जुने अल्बम असतील तर आईला विचारा. रोल ३६ फोटोंचा. सहलीला निघताना तो विकत घ्यायचा. परत आल्यावर दोन-तीन फोटो शिल्लक राहिले की ‘संपवून टाक’ म्हणून तुळशीवृंदावनाचा नाहीतर शेजारच्या कुत्र्याचा फोटो. मग रोल स्टुडिओत धुवायला टाकायचा. मग कॉप्या काढायच्या, एक आत्याला, एक काकूला. यात रोल लागायचा, रसायनं लागायची, कागद लागायचा, आणि कोडॅक या तिन्ही गोष्टी विकायचं. कॅमेरा गिऱ्हाईक एकदाच घ्यायचं. खरी कमाई त्यानंतर आयुष्यभर चालायची. सत्तरीच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत खपणाऱ्या फिल्मपैकी सुमारे ९० टक्के आणि कॅमेऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्के माल एकट्या कोडॅकचा होता.

डिजिटलमध्ये हे गणितच मोडतं. गिऱ्हाईक एकदा पैसे देतं, मग हजार फोटो काढो की लाख, कंपनीला दमडी मिळत नाही. तेव्हा प्रत्येक साहेबासमोर निवड अशी होती: या वर्षी भरभरून पैसे देणारी फिल्म विकायची, की दहा-पंधरा वर्षांनी कमी पैसे देणारी वस्तू आणण्यासाठी आपल्याच हाताने फिल्मचा खप कमी करायचा? पंधरा वर्षांनी तो त्या खुर्चीत नसणार होता. या वर्षी होता.

हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्तेन्सन यांनी १९९७ मध्ये ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ या पुस्तकात हाच पेच मांडला. नामांकित कंपन्या पडतात त्या अनेकदा चांगल्या कारभाराचे नियम पाळूनच पडतात. त्या आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांचं ऐकतात, जिथे नफा जास्त तिथे पैसा घालतात. नवी वस्तू सुरुवातीला कच्ची असते, तिच्यात नफा कमी असतो, म्हणून ती प्रत्येक मीटिंगमध्ये हरते. निदान मला पटतं. पण ‘कंपनी’ असं म्हणताना एक गोष्ट निसटते. निर्णय कंपनी घेत नाही. काही मोजकी माणसं घेतात, आणि त्यांची नावं, पदं आणि पगार ठरलेले असतात.

त्या माणसांनी पुढे काय केलं बघा. १९८९ मध्ये सॅसन आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हिल्स यांनी १.२ मेगापिक्सेलचा कॅमेरा तयार केला. मेमरी कार्ड असलेला, आजच्या डीएसएलआरसारखा. मार्केटिंगला तो नको होता, कारण तो फिल्मच्या विक्रीवर येणार होता. १९९१ मध्ये कोडॅकने व्यावसायिक डिजिटल कॅमेरा काढला खरा. निकॉनच्या कॅमेऱ्यावर बसवलेला, २० हजार डॉलरच्या पुढचा, वृत्तछायाचित्रकारांसाठी. सामान्य माणसासाठी काय काढलं? अ‍ॅडव्हान्टिक्स प्रीव्ह्यू. या कॅमेऱ्याला मागे डिजिटल स्क्रीन होता. काढलेला फोटो लगेच बघता यायचा. पण फोटो साठवला जायचा फिल्मवरच. रोल घालायचा, धुवायला टाकायचा, कॉप्या काढायच्या. डिजिटल जोडलं, पण रोल सोडला नाही. तो कॅमेरा आपटला. कोडॅकच्या वरच्या मजल्यावर काय चाललं होतं हे समजायला ही एक वस्तू पुरेशी आहे. नव्या तंत्राला विरोध नव्हता, रोल खपत राहिला पाहिजे एवढीच अट होती.

असं व्हायलाच हवं होतं का? कोडॅकचा संस्थापक जॉर्ज ईस्टमन काचेच्या कोरड्या प्लेटा बनवून धंद्यात आला होता. त्या विकल्या जात असतानाच तो रोल फिल्मकडे वळला आणि १८८८ मध्ये त्याने पहिला कोडॅक कॅमेरा आणला. आपलाच चालता धंदा आपल्या हाताने मागे टाकण्याचं उदाहरण कंपनीच्या जन्मकथेतच होतं. ईस्टमनला ते जमलं कारण धंदा त्याचा होता. नंतरच्यांना फक्त खुर्ची सांभाळायची होती.

*

१९ जानेवारी २०१२ रोजी कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९८८ च्या आसपास कंपनीत जगभरात सुमारे १ लाख ४५ हजार लोक होते. अर्ज केला तेव्हा सुमारे १७ हजार उरले होते. एकट्या रॉचेस्टरमध्ये १९८२ साली ६० हजारांवर लोक कोडॅकच्या पगारावर होते. २००७ मध्ये तिथल्या कोडॅक पार्कमधल्या इमारती सुरुंग लावून पाडल्या गेल्या. आणि दिवाळखोरीच्या तडजोडीत, २०१२ च्या अखेरीला, निवृत्त कामगारांना मिळणाऱ्या आरोग्यविम्याच्या सवलती बंद झाल्या. ज्यांनी तीस-तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्मवर लेप चढवला, त्यांना डिजिटल कॅमेरा आणायचा की नाही हे कधी कोणी विचारलं नव्हतं. विचारलं नाही, पण किंमत त्यांच्याकडून घेतली.

आता ती स्लाईड पुन्हा आठवा. ‘कोडॅकने बदल नाकारला.’ या वाक्यातला कर्ता किती सोयीचा आहे! सॅसन कोडॅक होता. बराबा कोडॅक होते. अंधाऱ्या खोलीतला कामगार कोडॅक होता. यांच्यापैकी कोणी काय नाकारलं?

नोकियाची स्लाईडही अशीच. आयफोन यायच्या तीन वर्षं आधी, २००४ मध्ये, नोकियाने टचस्क्रीनचा ७७१० जाहीर केला होता. २०१० साली संशोधनावर नोकिया अ‍ॅपलच्या दुपटीहून जास्त खर्च करत होती. मग बिनसलं कुठे? क्वी ह्यूई आणि टिमो व्हुओरी या दोन अभ्यासकांनी नोकियाबद्दल ७६ जणांशी बोलून २०१६ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यांच्या मांडणीचा गाभा एका शब्दात सांगता येतो: भीती. वरच्यांना स्पर्धकांची आणि गुंतवणूकदारांची भीती, म्हणून ते खालच्यांवर दडपण आणायचे. मधल्यांना वरच्यांची भीती, म्हणून ते सिम्बियन या नोकियाच्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल खरं बोलायचे नाहीत. ‘होईल साहेब’ म्हणायचे. सिम्बियन आयफोनसमोर टिकणार नाही हे ज्यांना रोज दिसत होतं, त्यांचं म्हणणं वरपर्यंत शाबूत पोचतच नव्हतं. अशा कंपनीत खालच्या माणसाने आणखी चार कोर्स केले असते तर काय फरक पडला असता?

*

हे सगळं रॉचेस्टरचं आणि फिनलंडचं. मग मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून त्याची चिडचिड का करावी?

कारण आपल्या आयटी सर्व्हिसेसच्या धंद्यालाही एक रोल आहे. त्याचं नाव माणसांचे तास. बरीच कामं ‘टाईम अँड मटेरियल’ पद्धतीने चालतात. क्लायंटला किती माणसं किती तास लावली याचं बिल जातं. आता एआयमुळे म्हणा किंवा साध्या चांगल्या स्क्रिप्टमुळे म्हणा, चार दिवसांचं काम चार तासांत झालं, तर इंजिनियर हुशार ठरतो आणि बिल घटतं. फिल्म आणि डिजिटल यांच्यातलं जे गणित, तेच हे गणित.

माझ्या आधीच्या एका कंपनीत आमच्या टीममधल्या एकाने टेस्टिंगचं असंच काम ऑटोमेट केलं. रात्री जागून, कोणी न सांगता. मॅनेजरने डेमो बघितला, पाठ थोपटली, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाला, “मस्त आहे रे. पण क्लायंट कॉलवर एवढ्यात काढू नकोस.” तो मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर बिलिंगचं टार्गेट होतं. त्याच महिन्यात टाऊन हॉल झाला, आणि मोठ्या स्क्रीनवर कोडॅक आलं. ‘अपस्किल करा, नाहीतर कालबाह्य व्हाल.’ ज्याची स्क्रिप्ट दाबून ठेवली होती तो पोरगा माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होता.

माझा मुद्दा एवढाच आहे. बिलिंगची पद्धत बदलायची की नाही, हे त्या पोराच्या हातात नाही. कमी तासांत जास्त काम देऊन त्याचे वेगळे पैसे मागायचे, क्लायंटशी तसा करार करायचा, सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमी नफा दाखवायची हिंमत करायची, हे ठरवणारे लोक स्टेजवर उभे असतात. त्यांनी हे ठरवलं नाही आणि उद्या धंदा बसला, तर त्याचा दोष ‘कौशल्याच्या अभावा’वर जाईल, आणि आधी बेंच रिकामा होईल.

*

दोन आक्षेप येणार, ते खरे आहेत, म्हणून त्यांना उत्तर देतो.

पहिला: कामगारही बदलाला विरोध करतात. करतात की. आपल्याकडे १९६० च्या दशकात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध कलकत्त्यात मोठं आंदोलन केलं, बँकांच्या युनियनही पुढे बरीच वर्षं अडून बसल्या. पण शेवटी काय झालं? संगणक आले. एलआयसी आजही उभी आहे, बँकाही उभ्या आहेत. खालच्यांच्या विरोधाने बदल लांबतो, त्यावर वाटाघाटी होतात, करार होतात. वरच्यांच्या नकाराला वाटाघाटी लागत नाहीत. बजेट मंजूर झालं नाही की विषय संपला. कोडॅकमध्ये डिजिटलविरुद्ध कोणाला मोर्चा काढावा लागला नाही. मीटिंग पुरली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पन्नास वर्षांनी शहाणपण सांगणं सोपं असतं, तेव्हा निर्णय खरंच कठीण होता. बरोबर. उलट मी आणखी पुढे जाऊन म्हणेन, कोडॅकने डिजिटल कॅमेऱ्यात लवकर उडी घेतली असती तरी ती पुरली नसती. २००५ मध्ये कोडॅक अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत पहिल्या नंबरावर होतं! पण त्या कॅमेऱ्यांत नफा नव्हता, आणि पुढे स्मार्टफोनने तो बाजारच खाल्ला. जपानी कॅमेरा उद्योगाच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२० मध्ये ९० लाखांहूनही कमी. म्हणजे ‘नवं तंत्रज्ञान स्वीकारा’ हा स्लाईडवरचा उपदेश पाळूनही कोडॅक बुडालं असतं.

मग वाचलं कोण? फुजीफिल्म. त्याच धंद्यातली, तीच फिल्म विकणारी. शिगेताका कोमोरी यांच्या काळात त्यांनी आपण काय विकतो यापेक्षा आपल्याला काय येतं याची यादी केली. फिल्मसाठी पातळ लेप द्यायची कला येत होती, ती एलसीडी स्क्रीनला लागणाऱ्या फिल्ममध्ये वापरली. फिल्मच्या जिलेटिनमुळे कोलॅजेनचं आणि रंग फिके पडू नयेत म्हणून ऑक्सिडेशन रोखायचं ज्ञान होतं, ते त्वचेच्या क्रीममध्ये वापरलं. औषधांत शिरले. फुजीनेही हजारो लोकांना काढलं, त्यामुळे त्यांची आरती करायचं कारण नाही. पण तिथे हिशोब वरच्यांनी स्वतःचा केला. कोडॅकला रसायनं येत नव्हती का? त्यांचा रसायनांचा अख्खा विभाग होता. त्यांनी १९८८ मध्ये ५ अब्ज डॉलरच्या वर मोजून स्टर्लिंग ही औषध कंपनी घेतली, १९९४ मध्ये ती विकून टाकली, आणि त्याच वर्षी आपला रसायनांचा विभाग वेगळा काढला. तो ईस्टमन केमिकल या नावाने आजही चालू आहे. निर्णय कठीण होते, मान्य. पण कठीण निर्णयांसाठीच तर त्यांना आपल्या कितीतरी पट पगार मिळतो. त्या पगारात चुकीची जबाबदारीही आली पाहिजे.

*

तेव्हा पुढच्या टाऊन हॉलला कोडॅकची स्लाईड आली की, चॅटमध्ये नाव झाकून प्रश्न विचारायची सोय असेल तर झाकून, पण तीन प्रश्न विचारा.

आपल्याकडचा सॅसन कोण आहे, आणि त्याने दाखवलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं?

आपला रोल कोणता आहे? म्हणजे असा कोणता नफा, ज्याला धक्का लागेल म्हणून चांगली कल्पना मागे ठेवली जाते?

आणि निर्णय चुकला तर पहिली नोकरी कोणाची जाणार?

उत्तरं लगेच मिळणार नाहीत. पण प्रश्न विचारले गेले की ती गोष्ट अर्धी सांगणं जरा अवघड होईल.

आणि हो, शिका. जरूर शिका. नवी साधनं हाताळा, रात्री जागून स्क्रिप्टा लिहा, त्यात मजा आहे आणि बाजारात आपली किंमतही त्यानेच टिकते. ते स्वतःसाठी करा. कोडॅकच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून करू नका. ते पाप आपल्या पायरीवरच्या लोकांनी केलेलंच नव्हतं.